अठ्ठेचाळीस दिवस शिल्लक

भाऊबीजेला शकूताई येते ती अजूनही रेल्वेनेच. गाव श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, हा घोळ आम्हाला लहानपणापासून पाठ. तिच्या लेकीने मात्र एकदा न्यू जर्सीत बसून आईचं तिकीट काढायला घेतलं आणि तिला नवी मुंबईच्या बेलापूरला पाठवायची तयारी केली होती. "स्वतःचं आजोळ कुठल्या स्टेशनावर आहे ते माहीत नाही, आणि ही मला अमेरिकेत सांभाळणार," असं ताई तेव्हा म्हणाली होती. पुढे ती त्याच पोरीकडे पाच महिने राहून आली. आता तिच्या तोंडी दुसरं काही नसतं.

यंदा ओसरीवरच्या टेबलावर फराळाच्या ताटाशेजारी माझी फाइल होती. आमची लेक टेक्ससमध्ये ऑस्टिनला असते. पुढच्या महिन्यात मुंबईला जायचंय: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटच्या खिडकीपुढे उभं राहायचं. माणशी १८५ डॉलर फी भरून झाली होती, त्यामुळे माघार नव्हती. करंजी खाता खाता मी सहज विचारलं, "परतीचं तिकीट किती दिवसांनी काढावं?"

अण्णांनी ताट बाजूला सारलं.

"तीन आठवडे. फार तर महिना."

"सहा महिने राहू देतात, तर पाच राहा," ताई म्हणाली. "आणि बाळू, व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहायला मिळतं असं समजू नको. किती दिवस राहायचं ते तिथं विमानतळावर उतरल्यावर ठरतं. खिडकीतला साहेब ठरवतो."

"आणि पुढचं घरातली काचेची शेगडी ठरवते," अण्णा म्हणाले.

ही शेगडीची गोष्ट अण्णा जर्मनीहून परतल्यापासून आम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकत होतो. त्या दिवशी ती सलग ऐकायला मिळाली. त्यांचा मुलगा मॅनहाइमला राहतो आणि ऱ्हाइन ओलांडून लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात नोकरीला जातो. मॅनहाइमच्या मध्यवस्तीत रस्त्यांना नावं नाहीत; घरांच्या चौकोनांनाच एक अक्षर आणि एक आकडा. अण्णांना तेवढं गाव लगेच कळलं. "आपल्या वॉर्ड नंबर सातसारखं," ते म्हणतात. अण्णा आणि वहिनी मे अखेरीला तिथं पोचले.

"मला चारला जाग येते," अण्णा म्हणाले. "रात्रीची पाण्याची पाळी केलेला माणूस मी, मला सातपर्यंत झोप कुठून येणार? आणि तिथं जूनमध्ये साडेचारला फटफटतं, रात्री दहापर्यंत उजेड हटत नाही. एवढा लांब दिवस, आणि करायचं काय? उठायचं आणि चहा नाही. शेगडी काचेची. नुसतं बोट ठेवलं की पेटते म्हणे. माझ्या बोटाला पेटेना. ही बोटं उसाची, शकू. त्या काचेला ती माणसाची वाटलीच नाहीत."

"कुलूप असेल. लहान मुलांसाठी लावतात."

"कुलूपच होतं. ते मला पंधराव्या दिवशी कळलं."

"पंधरा दिवस काय केलंस?"

"सोफ्यावर बसून राहिलो. सात वाजता सूनबाई उठायची, तोवर."

"तिला विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? मला चहा करून घ्यायचाय, तुझं स्वयंपाकघर उघडून दे म्हणून?"

इथं मला सांगितलं पाहिजे की अण्णांची सून गुणी आहे. तिने विचारल्यावर एका मिनिटात दाखवलं असतं. भांडण तिच्याशी नव्हतंच. ताईने ते बरोबर पकडलं.

"तुला परक्या घरात राहता येत नाही, कारण तू कधी राहिलाच नाहीस. याच घरात जन्मलास, याच घरात म्हातारा झालास. मी १९७८ला लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्या दिवशी साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, इथून सुरुवात होती. सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून डबे ओळखायला शिकले. आम्हाला ते एकदा करावंच लागतं. म्हणून एडिसनला लेकीच्या घरात शिरले आणि पहिल्याच संध्याकाळी म्हटलं, चल गं, तुझं स्वयंपाकघर दाखव. अर्ध्या तासात घर माझ्या हातात."

"ते लेकीचं घर होतं. मुलाच्या घराची गोष्ट वेगळी."

"उलट आहे, अण्णा. लेकीचं घर जास्त परकं. दादा आठवतात का? माझ्याकडे आले की ओट्यावर बसायचे. गूळपाणीसुद्धा नको म्हणायचे. लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नये म्हणून. नातू झाला तेव्हा कुठं पाटावर बसून पहिल्यांदा जेवले. आणि त्यांची मुलगी मी, लेकीच्या घरी पाच महिने पाय पसरून राहिले. याला मी नाव ठेवलंय. उलटं माहेरपण."

हा शब्द तिने आधी कुणाकुणाला ऐकवला असणार, कारण तो उच्चारून ती थोडी थांबली. मला तो आवडला. अण्णांना आवडला नाही.

"माहेरपण! नात सांभाळलीस, डबे केलेस, दोघं ऑफिसातून दमून आली की गरम पोळ्या वाढल्यास. फोनवर तूच सांगायचीस. याला माहेरपण म्हणतात? ही बिनपगारी नोकरी."

"होतीच नोकरी," ताई शांतपणे म्हणाली. "म्हणून तर रजा मिळाली."

मग तिने रजेची हकीकत सांगितली. ताई चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. पहिल्या पंधरवड्यातच तिच्या लक्षात आलं की या घरात सकाळी सहा ते रात्री नऊ अशी तिची नेमणूक झालेली आहे आणि आदेश कुणीच काढलेला नाही. एका रात्री तिने लेकीला आणि जावयाला समोर बसवलं. "बिनरजेची नोकरी मी आजवर केली नाही, आताही करणार नाही. बुधवार आणि रविवार माझे. बुधवारी पोरीला डे-केअरमध्ये टाका, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी घरी थांबा." जावई आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की सासूबाई गंभीर आहेत. पुढच्या आठवड्यापासून डे-केअरचे बुधवार सुरू झाले.

"आणि बुधवारी काय करायचीस?" मी विचारलं.

"पहिल्या बुधवारी नुसती झोपले. दुसऱ्या बुधवारी ओक ट्री रोडला चालत गेले. तिथं चालत जाणं हे सोपं नाही बरं का. फुटपाथ मध्येच संपतो आणि मोटारवाले आपल्याकडे बघतात, बाई हरवली की काय म्हणून. त्या रस्त्यावर इतकी गुजराती दुकानं की मला इंग्रजी लागलं नाही. महिन्याभरात मी गुजराती बोलायला लागले. अमेरिकेत जाऊन मी काय शिकले तर गुजराती!"

शेजारच्या कोकिळाबेनही लेकाकडे आलेल्या, ताईच्याच वयाच्या. दोघींनी मिळून एका बुधवारी मेट्रोपार्क स्टेशनावरून न्यूयॉर्कची गाडी पकडली. तिथून सात नंबरच्या लोकलने फ्लशिंगपर्यंत, म्हणजे ती लोकल जिथं संपते तिथवर. उतरून चालत गणपतीच्या देवळात. हे देऊळ १९७७चं, अमेरिकेतल्या अगदी जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक, बांधणी पक्की दाक्षिणात्य. तळघरात कँटीन आहे आणि तिथं डोसा मिळतो.

"दर्शन पाच मिनिटांत झालं," ताई म्हणाली. "डोशाला तास लावला. लेकीला सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी घरी आले तर ती रडवेली. म्हणाली, आई तू हरवली असतीस तर? म्हटलं, अगं, मी सहलीला साठ पोरं नेऊन साठ परत आणलेली बाई आहे. एकटी कशी हरवेन?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. अडकित्ता हातात होता, पण सुपारी कातरत नव्हते. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. गाळप सुरू होण्याचे दिवस, तोडणीच्या टोळ्या गावात उतरत होत्या.

"मलाही एक दिवस तसा मिळाला," ते म्हणाले. "एकच. बेचाळीसातला एक."

तो दिवस बीटाचा. एका रविवारी मुलाने त्यांना मोटारीत घालून ऱ्हाइनपलीकडे वर्म्सच्या बाजूला नेलं. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, मग जाणार कुठं? सपाट जमीन आणि नजर पोचेल तिथवर हिरव्या ओळी. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. पानं पालकासारखी, पण जाड आणि गडद. साखरेचं बीट. शेताच्या कडेला एक माणूस उभा होता, तो मालकच निघाला. मुलगा मध्ये दुभाष्या, आणि दोन शेतकऱ्यांचं दीड तास बोलणं झालं.

अण्णा ते सांगायला लागले तेव्हा माझी फाइल, भाऊबीज, चहा सगळं मागे पडलं.

"मार्च-एप्रिलला पेरतात, सप्टेंबरपासून काढणी. सहा-सात महिन्यांत पीक हातात. आपला आडसाली ऊस दीड वर्ष जमीन अडवून बसतो. बीटात साखरेचं प्रमाण सतरा-अठरा टक्के. हां, ते प्रमाण, उतारा नव्हे. कारखान्यात थोडी सुटतेच. तरी आपल्याकडे उतारा अकराला टेकला की चेअरमन हार घालून घेतो. पाण्याचं म्हणशील तर बहुतेक पावसावर. पाळी नाही, पाटकरी नाही, आवर्तन नाही! मी त्याला विचारलं, खोडवा घेता का? पोराला खोडव्याचं जर्मन येईना. शेवटी मी खाली बसलो आणि मातीवर चित्र काढून दाखवलं, की तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटतो. तो म्हणाला, आमच्याकडे नाही. उपटलं की संपलं. आणि त्याच रानात लगेच पुढच्या वर्षी बीट घेत नाहीत, दोन-तीन वर्षं दुसरं पीक घेऊन मग परत. म्हटलं, हे आम्हाला कळतं, पण वळत नाही."

कारखान्याचा विषय निघाल्यावर तर दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले असते. मॅनहाइमलाच एका मोठ्या साखर कंपनीचं मुख्यालय आहे आणि तिचा सगळ्यात मोठा हिस्सा बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे, हे ऐकून अण्णांना स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. त्यांनी मुलाला सांगितलं, "त्याला सांग, आमच्या गावाजवळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली." त्या माणसाने सांगितलं की २०१७पर्यंत युरोपात साखरेला कोटा होता, किती पिकवायचं ते ठरलेलं असायचं, कोटा उठला आणि भाव कोसळला. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे शेतकऱ्याला पैसे वेळेवर मिळतात का? अण्णांनी नुसती मान हलवली. कशी, ते मुलाला भाषांतर करावं लागलं नाही.

या बीटाचा इतिहासही अण्णांनी घरी आल्यावर नातवाकडून काढून घेतला होता. बीटात साखर आहे हे मार्गग्राफ नावाच्या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७मध्ये दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायलेशियात पहिला कारखाना काढला. नेपोलियनच्या नाकेबंदीत समुद्रापलीकडची उसाची साखर युरोपात यायची बंद झाली आणि बीटाला दिवस आले. "म्हणजे लढाई झाली नसती तर ही माणसं आजही आपला ऊस मागत असती," असा अण्णांचा निष्कर्ष. त्यावर इतिहासाचे प्राध्यापक काय म्हणतील मला माहीत नाही.

"मग?" ताई म्हणाली. "झाली की सुट्टी. मी डोसा खाल्ला, तू बीट बघितलं."

"तो दुसऱ्याच्या रानातला दिवस होता, शकू. घरातला नव्हता. घरात माझ्या वाट्याला एकच वाक्य. बाबा, तुम्ही फक्त आराम करा. भाजी चिरू का? आराम करा. खाली जाऊन कचरा टाकून येऊ? नको, चार डबे असतात, चुकेल, तुम्ही आराम करा. तुला लेकीने काम दिलं. कामाचा माणूस रजा मागू शकतो. मला कामच नाही, तर मी रजा कुणाकडे मागू? पहाटे उठून रानात फोन लावायचो. तिथं पाच म्हणजे इथं साडेआठ. तर आपला गडीसुद्धा काय म्हणतो? अण्णा, इकडचं बघतो मी, तुम्ही आराम करा!"

आम्ही हसलो, पण अण्णा हसले नाहीत.

मला त्या वेळी जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आठवलं. परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघणारे ते नाना-नानी. आमच्या पिढीने ते नाटक बघून डोळे पुसले आणि मनाशी एकच भीती धरली, रिकाम्या घराची. आमच्या मुलांनी तसं होऊ दिलं नाही. तिकिटं पाठवली, विमा काढला, विमानतळावर चाकांच्या खुर्चीची सोय केली. भरल्या घरात सोफ्यावर बसून काय करायचं, त्याचं नाटक मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही.

"तू परत आलास ते पाण्यासाठी असं सांगतोस," ताई म्हणाली. "पाऊस लांबला, आवर्तन कधी सुटतं कोण जाणे, मी जायलाच पाहिजे. अरे, भंडारदरा धरण १९२६चं आहे. शंभर वर्षं पाणी येतंय. अजून दीड महिना तुझ्यावाचून आलं असतं."

"पाणी आलं असतं गं. माझं मन तिथं नव्हतं, त्याला काय करू?"

"मन नव्हतं तर मुलाला तसं सांगायचंस. पाणी कशाला मध्ये आणलंस?"

याला अण्णांकडे उत्तर नव्हतं. मग दोघंही जरा दमले आणि मला व्यवहाराचे सल्ले द्यायला लागले. त्यात त्यांचं एकमत झालं. दात इथंच दाखवून घे, तिथं दाढ दुखली तर तिकिटापेक्षा महाग पडेल. औषधं सगळ्या मुक्कामाची, चिठ्ठीसकट. तूप आणि पेढे जर्मनीला नेता येत नाहीत, युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ सामानातून चालत नाहीत. अमेरिकेला काय चालतं ते आधी बघ आणि फॉर्मवर खरं लिही. जर्मनीच्या व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा असतो. अमेरिकेला सक्ती नाही, तरी काढ. फक्त नीट वाच, कारण आधीपासूनचे आजार बहुधा त्यात धरत नाहीत. बीपी, साखर वगैरे.

"श्रीरामपुरात राहून साखर नसलेला माणूस कुठून आणायचा?" अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यापुरते पुन्हा आमचे अण्णा झाले.

वहिनी चहा घेऊन आल्या ते तेव्हा. त्यांनी कप ठेवले. जायला वळल्या आणि वळता वळता थांबल्या.

"मघापासून ऐकतेय. तुम्ही दोघं बोललात. मला विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्याही बेचाळीस दिवस त्याच घरात होत्या, हे आम्ही तिघंही सोयीने विसरलो होतो.

"काय विचारायचं होतं वहिनी?" ताईने चाचरत विचारलं.

"मी तिथं काहीच केलं नाही," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणतात ना, तुम्ही फक्त आराम करा, ते वाक्य. मला लग्नानंतर पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं. पहिल्या दिवशी खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी खरंच बसले. सूनबाई भांडी मशिनीत लावायची आणि मी खिडकीत बसायचे. समोर ट्राम थांबायची. लोक चढायचे, उतरायचे. गड्यांचा चहा नाही, कुणी अचानक जेवायला नाही, रात्री मोटार चालू झाली का बघायला उठणं नाही. मी साडेसातला उठायचे. साडेसातला! मला कुठला डबा कुठं आहे ते शोधायचं नव्हतं, आणि बीटही बघायचं नव्हतं."

अण्णा कपाकडे बघत राहिले.

"नव्वद दिवसांचा व्हिसा होता," वहिनी पुढे म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बेचाळीस झाले आणि ह्यांनी दोघांचं तिकीट बदललं. मला रात्री सांगितलं, उद्या बॅगा भरायच्यात. मी भरल्या. पण माझे अठ्ठेचाळीस दिवस तिथं राहिलेत, ते माझ्या लक्षात आहे."

"अर्जित रजा," ताई पुटपुटली. शिक्षिकेच्या जिभेवर दुसरा शब्द येणार कुठून?

"मला म्हणायचं होतंस," अण्णा म्हणाले.

"तुम्ही शेगडीचं विचारलंत का सूनबाईला?" वहिनी म्हणाल्या, आणि ट्रे उचलून आत गेल्या.

चहा कुणी पटकन प्यायला नाही. ताईने भावाच्या ताटातली राहिलेली करंजी त्याच्या हातात दिली आणि त्याने ती खाल्ली. मी फाइल घेऊन अंगणात आलो आणि तिकिटाच्या एजंटला फोन लावला. व्हिसा व्हायचा होता, पण विचारून ठेवायला काय हरकत?

"जायची तारीख दोघांची एकच," मी म्हणालो. "परतीच्या वेगवेगळ्या टाकता येतात का?"

"येतात की साहेब. आधी कोण येणार?"

मी मागे वळून बघितलं. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात वहिनींजवळ उभी होती, आणि ती खिडकी नेमकी कुठल्या खोलीत होती ते त्यांना विचारत होती.